पहिलं जुनं पॉकेट पिस्तूल: कोल्ट १९०३, वॉल्थर पीपीके की ब्राउनिंग १९१०?

जुन्या पॉकेट पिस्तुलांच्या नादी लागलेला माणूस पहिल्यांदा बहुधा पीपीकेच मागतो. नाव कानावरून गेलेलं असतं, पडद्यावरच्या गुप्तहेराच्या हातात पाहिलेलं असतं, वर दुसऱ्या महायुद्धाचं वलय. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिली खरेदी पीपीकेची करू नका. कोल्ट १९०३ घ्या. हात आखडता असेल तर एफएन या बेल्जियन कंपनीचं ब्राउनिंग १९१०. पीपीके तिसऱ्या-चौथ्या खेपेला, नजर तयार झाल्यावर. कोल्टमध्ये पैसे जातात ते पोलादाचे आणि त्यावरच्या पॉलिशचे, आणि ते डोळ्यांनी तपासता येतं. पीपीकेमध्ये बरेचसे पैसे अंगावरच्या शिक्क्यांचे असतात, आणि शिक्का काय, कुणीही मारू शकतो.

त्याआधी कायदा. वस्तू शंभर वर्षांची झाली म्हणजे ती शोभेची झाली, असं बहुतेक देशांत नाही. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार ‘अँटिक’ ठरतं. त्यानंतरचं ते बंदूकच. इतर देशांचे निकष वेगळे. ही तिन्ही पिस्तुलं विसाव्या शतकातली, म्हणजे जवळपास सगळीकडे परवान्याच्या कक्षेतली. तेव्हा परवाना, नोंदणी, आयातीचे नियम हे सगळं उमगल्यावरच विक्रेत्याला फोन करा.

आता कोल्ट. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी बंदूक-रचनाकाराचं डिझाइन, १९०३ ते १९४५ असं उत्पादन, ०.३२ कॅलिबरचे (कॅलिबर म्हणजे नळीच्या व्यासाचं इंचांतलं माप) साधारण पावणेसहा लाख नग. १९०८ पासून तेच पिस्तूल ०.३८० मध्येही आलं. ते कमी बनलं, म्हणून महाग. नाव ‘हॅमरलेस’, पण हॅमर (काडतुसावर घाव बसवणारा घोडा) आहे, फक्त स्लाइडच्या, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, आत झाकलेला. खिशातून काढताना कुठे अडकू नये एवढाच त्यामागचा हेतू. चपटं, गुळगुळीत, हातात घेतलं की कुठेही न टोचणारं. दिसण्याच्या बाबतीत या तिघांत मला तरी ते उजवं वाटतं.

संग्राहक त्याचे पाच प्रकार मानतात. पहिल्याची नळी ४ इंची, पुढे बॅरल बुशिंग, म्हणजे नळीच्या तोंडाशी बसणारं कडं. दुसऱ्यात नळी पाव इंचाने आखूड झाली, म्हणजे ३.७५ इंच. तिसऱ्यात बुशिंग गेलं. चौथ्यात, १९२६ च्या सुमारास, मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढलं की गोळी सुटू नये अशी सोय आली. पाचवा प्रकार लष्करी. यातली एक गोष्ट जिवाशी गाठ असलेली आहे: १९२६ पूर्वीचं कोल्ट मॅगझिन काढल्यावरही चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या खोबणीतली) गोळी झाडतं, आणि हॅमर आत लपलेला असल्याने ते ताणलेलं आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. हातात घेतल्या घेतल्या मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा. विक्रेत्याने तुमच्यासमोर आत्ताच बघितलं असलं तरीही.

बघायचं काय, तर पॉलिश. कोल्टच्या कारखान्यातले कारागीर पृष्ठभाग सपाट ठेवत आणि कडा धारदार. नंतर कुणी बफ चाकावर घासून पुन्हा निळं केलं (पोलादावर गंज रोखणारा निळसर थर चढवला) असेल तर ते तीन ठिकाणी उघडं पडतं. स्लाइडचा वरचा भाग आणि बाजू जिथे मिळतात ती रेघ बोथट होते. स्क्रूच्या आणि पिनच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट दिसू लागतात. आणि अक्षरं: डाव्या बाजूच्या पेटंटच्या तारखा, उजव्या बाजूला ‘ऑटोमॅटिक कोल्ट, कॅलिबर ३२’ ही ओळ. खिडकीच्या उजेडात तिरकं धरा. अक्षराची एक कड ठसठशीत आणि दुसरी विरलेली दिसली तर घासलेलं आहे. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे गंजाचे बारीक खड्डे: खड्ड्याच्या तळाशीही निळा रंग चढलेला असेल, तर आधी गंज आणि मग रंग. विक्रेता ‘फॅक्टरी फिनिश’ म्हणत असेल तर त्याला तो खड्डाच दाखवा.

उलट खरी झीज बघून घाबरू नका. नळीच्या तोंडाशी, मुठीच्या पुढच्या बाजूला, स्लाइडच्या पुढच्या कडांवर रंग उडालेला असणं म्हणजे पिस्तूल खिशात आणि होल्स्टरमध्ये फिरलं आहे. साठ टक्के मूळ रंग असलेलं कोल्ट मी शंभर टक्के नव्या रंगाच्या कोल्टपेक्षा कधीही जास्त पैशाला घेईन. दोन्ही शेजारी ठेवली की नवखा माणूस मात्र चकचकीत नगाकडेच हात नेतो, आणि विक्रेत्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

कोल्टची आणखी एक जमेची बाजू म्हणजे कागद. कंपनीच्या अभिलेखागाराकडून फी भरून अनुक्रमांकाचं पत्र मिळतं: पिस्तूल कधी आणि कुणाकडे रवाना झालं, मूळ फिनिश कोणतं होतं. निकेलचा मुलामा किंवा शिंपल्याच्या ग्रिप (मुठीवरची आवरणं) पाहून कुणी जास्त भाव सांगत असेल तर हे पत्र त्याचा निकाल लावतं. अमेरिकी सेनेने जनरल हुद्द्याच्या अधिकाऱ्यांना हे पिस्तूल दिलं होतं. त्यातला एखादा नग समोर आला तर पत्राशिवाय एक पैसाही जास्त देऊ नका.

वॉल्थरकडे वळू. यंत्र म्हणून पीपीके सरस आहे, यात वाद नाही. पीपी १९२९ मध्ये आलं, थोड्याच काळात त्याचं आखूड भावंड पीपीके. डबल अ‍ॅक्शन, म्हणजे हॅमर खाली असताना नुसता ट्रिगर दाबूनही पहिली गोळी सुटते. सेफ्टी लावली की हॅमर निर्धोकपणे खाली येतो. चेंबर भरलेला असेल तर हॅमरच्या वर एक बारीक पिन बाहेर डोकावते (०.२२ च्या मॉडेलमध्ये ती नसते). कोल्टपेक्षा एक पिढी पुढचा विचार.

पण बाजारात भाव यंत्राला नसतो, कुणाचं होतं याला असतो. युद्धापूर्वीचं साधं व्यापारी पीपीके एका किमतीला, सैन्याच्या तपासणीचा गरुड आणि ३५९ चा शिक्का असलेलं त्याहून वर, पोलिसांचं किंवा नाझी पक्षाच्या खुणांचं आणखी वर. खोटे शिक्के इथे सर्रास सापडतात. ओळखण्याचा मार्ग कंटाळवाणा आहे: अनुक्रमांकाची मालिका, प्रूफ मार्क (चाचणीत पास झाल्याची सरकारी खूण) आणि शिक्का हे तिन्ही एकाच काळाचे हवेत. १९४० च्या वसंतापर्यंत जर्मन प्रूफ मार्क म्हणजे मुकुटाखाली ‘एन’, त्यानंतर गरुडाखाली ‘एन’. मुकुटाच्या काळातल्या नगावर युद्धाच्या अखेरच्या वर्षांतला शिक्का बसलेला दिसला की पिस्तूल टेबलावर ठेवून द्यावं. हे सगळं डोक्यात बसायला वेळ लागतो, आणि पहिल्या खरेदीत तो वेळ कुणी देत नाही.

पीपीकेची दुसरी दुखरी जागा ग्रिप. मागून वळून दोन्ही बाजू झाकणारी ती एकसंध बेकेलाइटची असते. स्क्रूपाशी आणि कोपऱ्यांत चिरते. बदली ग्रिप मिळतात, पण मूळ ग्रिपची जागा त्या घेत नाहीत. आणि नावांचा घोळ: अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानंतर पीपीके तिथे आयात होईना, तेव्हा पीपीच्या सांगाड्यावर पीपीकेची स्लाइड बसवून पीपीके/एस बनलं. जुनं म्हणून ते गळ्यात मारणारेही भेटतात. स्लाइडवर कारखान्याचं गाव वाचा: झेला-मेलिस म्हणजे १९४५ पूर्वीचं, उल्म म्हणजे नंतरचं.

ब्राउनिंग १९१० बद्दल कमी बोललं जातं याचं मला नवल वाटतं. ब्राउनिंगने इथे स्प्रिंग थेट नळीभोवती गुंडाळली, त्यामुळे पिस्तूल गोलसर आणि सडपातळ झालं. पुढे कित्येकांनी ही मांडणी उचलली. २८ जून १९१४ ला सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडला मारणाऱ्या गाव्रिलो प्रिन्सिपच्या हातात हेच मॉडेल होतं, आणि ते पिस्तूल आज व्हिएन्नाच्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात आहे. एवढा इतिहास असूनही भाव माफक, कारण बेल्जियममध्ये ते १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिलं. खरेदीतली मेख तीच: मॉडेल १९१० चं, नग १९६० चा, असं सहज घडतं. ते वाईट नाही, फक्त भाव त्याच हिशेबाने द्या.

बाकीची झटपट. कोल्टचं ०.२५ व्हेस्ट पॉकेट तळहातात मावतं आणि मुबलक मिळतं. मूळ डबा सोबत असेल तरच उत्साह दाखवा. सॅव्हेज १९०७ त्याच्या १० गोळ्यांच्या मॅगझिनसाठी मजेदार. रेमिंग्टन ५१ जॉन पेडरसन या रचनाकाराचं, हातात अप्रतिम बसतं, पण सुटे भाग शोधताना दमछाक होते.

कायद्यामुळे विसाव्या शतकातलं काहीच घेता येत नसेल, तर रेमिंग्टनचं दुनळी डेरिंजर, म्हणजे दोन नळ्यांचं छोटं खिशातलं पिस्तूल. तेही आधी आपल्या देशाच्या नियमांना लावून बघा. १८६६ ते १९३५ इतका काळ ते बनत होतं, म्हणून नळीवरचं नाव महत्त्वाचं: ‘ई. रेमिंग्टन अँड सन्स’ असेल तर १८८८ च्या आधीचं. त्याचं ०.४१ रिमफायर (बुडाच्या कडेवर घाव बसून पेटणारं) काडतूस कधीच कालबाह्य झालं, म्हणजे ते ठेवायचं ते बघायलाच. नळ्या उघडून बिजागरीचे दोन्ही कान भिंगाखाली धरा. ते पातळ असतात आणि चिरतात. चीर वेल्डिंगने बुजवलेली असेल तर त्या जागी रंग वेगळा दिसतो आणि बोटाला किंचित फुगवटा लागतो.

आणि कुठलंही ऑटोमॅटिक घेत असाल तर मॅगझिन मूळचं आहे का ते त्याच बैठकीत बघा. कोल्टच्या मॅगझिनवर कंपनीचं नाव आणि कॅलिबर कोरलेलं असतं. ‘ते घरी आहे, नंतर पाठवतो’ असं उत्तर आलं तर मॅगझिन नाही असंच धरून भाव करा.