नव्वद दिवसांची स्वप्न-वही: त्यागाचा हिशेब ठेवते, पण एक रकाना विसरते

‘हे स्वप्न पुरे करण्यासाठी तुम्ही काय सोडणार आहात?’ या प्रश्नाने सुरू होणारी नियोजन-वही मी पहिल्यांदाच पाहिली आणि खरे सांगायचे तर केवळ त्या एका पानासाठी ती विकत घेतली. बहुतेक प्लॅनरमध्ये काय मिळवायचे याला पाने भरपूर असतात; ते मिळवण्यासाठी लागणारा वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. मी नोकरी सांभाळून वनस्पतिचित्रण शिकते आहे आणि पुढे त्यावरच चरितार्थ चालावा अशी इच्छा आहे. वही पूर्ण नव्वद दिवस, जवळपास रोज, वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

बांधणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आकार ए-फाइव्ह, स्पायरल असल्यामुळे वही टेबलावर सपाट उघडी राहते, आणि पानांवर तारखा छापलेल्या नसल्यामुळे वर्षात कधीही सुरुवात करता येते. कागद पातळ आहे. शाईचे पेन मागच्या पानावर उमटते आणि वही बंद ठेवणारे इलॅस्टिक दुसऱ्या महिन्यातच सैल पडले.

सर्वांत उत्तम भाग म्हणजे सुरुवातीचे ‘त्यागपत्रक’. त्यात दहा ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीपुढे ‘आठवड्याला किती तास?’ असा रकाना आहे. मी मोठ्या उत्साहाने ‘टीव्ही’ आणि ‘फोन’ लिहिले. तासांची बेरीज केली तेव्हा एक पूर्ण चित्र काढण्यापुरताही वेळ हाती येत नव्हता. जे सोडताना काहीच दुखत नाही, ते सोडून फारसे काही साधत नाही, हे त्या बेरजेने मला पाच मिनिटांत दाखवले. नंतर मी ओळी खोडून नव्याने लिहिल्या: मैत्रिणींबरोबरची वर्षातली एक सहल, कार्यालयातील बढतीसाठीचे जादा काम, रविवारची सकाळ. त्या दिवशी पहिल्यांदा माझे मलाच पटले की हे मी खरोखर करणार आहे.

येथून पुढे मात्र वही भरकटते. बऱ्याच पानांच्या तळाशी झोपेवर टाच आणणारी वाक्ये छापली आहेत. एक तास लवकर उठा, जग झोपलेले असताना काम करा, अशा धर्तीची. माझ्या कामात हा सल्ला मुळातच निरुपयोगी आहे. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात पाकळीचा रंग खोटा दिसतो, खुडलेले फूल काही तासांत मान टाकते, त्यामुळे चित्र दिवसाच्या उजेडात आणि सलग बसूनच काढावे लागते. पण ज्यांचे काम रात्री होऊ शकते, त्यांच्यासाठीही हा सल्ला धोक्याचा आहे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो लोक तासन्‌तास सराव करण्याच्या समर्थनार्थ नेहमी सांगतात. त्यातच असेही आढळले होते की सरस वादक दिवसाला सरासरी ८.६ तास झोपत, तर संगीतशिक्षक होऊ घातलेल्या, तुलनेने कमी प्रावीण्याच्या गटाची झोप ७.८ तास होती. शिवाय २००३ च्या एका प्रयोगात, सलग चौदा दिवस सहा तासच झोपलेल्या लोकांची कामातील तत्परता पूर्ण जागरण केलेल्या माणसांइतकी खालावली होती, आणि आपण इतके मंदावलो आहोत हे त्यांच्या स्वतःच्या फारसे लक्षात आले नव्हते. जो त्याग केल्यावर त्याची किंमत मोजण्याची शक्तीच कमी होते, तो सोडण्याच्या यादीत सर्वांत शेवटी यायला हवा. वहीने तो पहिला ठेवला आहे.

रोज काम झाले की खूण करायच्या साखळीच्या चौकटी आणि खाडा झाला की लावायचे लाल स्टिकर मी तिसऱ्या आठवड्यात वापरणे बंद केले. सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, याच्या लंडनमधील अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाली असली तरी व्याप्ती १८ पासून २५४ पर्यंत होती, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही असेही दिसले होते. लाल स्टिकरची भीती त्यामुळे अनाठायी आहे.

‘नोकरी सोडण्याची तारीख’ या अर्ध्या पानाबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. नोकरी सोडणे हाच खरा त्याग, असे ते पान गृहीत धरते. नोकरी चालू ठेवून व्यवसाय सुरू करणारे आणि नंतर पूर्णवेळ त्यात उतरणारे लोक, थेट राजीनामा देऊन उतरणाऱ्यांपेक्षा अधिक टिकतात, असे २०१४ मध्ये रॅफी आणि फेंग या संशोधकांनी दाखवले आहे. संगीतकार फिलिप ग्लास यांचा ऑपेरा १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये सादर झाला, आणि त्यानंतरही ते टॅक्सी चालवत होते. ते पान मी कोरे ठेवले.

तरीही या साऱ्या गोष्टी सांभाळून घेता आल्या असत्या. खरी उणीव मला शेवटच्या साप्ताहिक आढाव्याला कळली. ‘या आठवड्यात काय सोडले?’ या प्रश्नाखाली मी प्रत्येक वेळी इमानेइतबारे ‘रविवारची सकाळ’ लिहिले होते. माझ्या नवऱ्याने वही चाळली आणि शांतपणे विचारले, “हे सगळे रविवार तू सोडलेस असे लिहिले आहेस. मुलीला पोहायला घेऊन कोण जात होते?” मला उत्तर सुचले नाही. सकाळ माझ्या नावावर जमा झाली होती, पण ती दिली त्याने होती, आणि थोडी मुलीनेही. बढतीचे जादा काम मी नाकारले तेव्हा घरात येणारा पैसा कमी झाला. तोही माझ्या एकटीचा नव्हता. वहीत तास आहेत, दिवस आहेत, मनःस्थितीसाठी पाच हसरे-रडवे चेहरेसुद्धा आहेत, पण सोडलेली गोष्ट मुळात कोणाची होती आणि त्या माणसाला विचारले होते का, यासाठी एक ओळही नाही.

एकटे राहणाऱ्या आणि अजून ‘एक दिवस नक्की करू’ म्हणत थांबलेल्या माणसाने ही वही जरूर घ्यावी. त्यागपत्रक तेवढे मोलाचे आहे. घरसंसार असलेल्यांनी ते पान घरातल्यांसमोर बसून भरावे. ज्यांनी आधीच झोप तोडून काम चालवले आहे, त्यांच्या हाती ती देऊ नये.

नव्वद दिवसांत माझी अकरा चित्रे पूर्ण झाली, जी आधीच्या वर्षभरात चार झाली होती. दुसरी वही मी याच कंपनीची घेतली आहे. समासात रेघ मारून ‘कोणाचे?’ असा रकाना तयार केला आहे, तोही पेन्सिलीने, कारण पेन मागे उमटते. पहिल्या आठवड्यात तिथे नवऱ्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: ‘रविवार माझा, दिला. पुढच्या महिन्यातले दोन परत हवेत.’