पानं जपून ठेवायची तर क्रोम की फायरफॉक्स?

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दक्षिण आशियाई भाषांचे कोश आहेत. त्यात मोल्सवर्थ आहे, दाते-कर्वे आहे, जुन्या मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउसही आहे. भाषांतराच्या कामात मला हे तिन्ही रोज लागतात, आणि बरीच वर्षं मी ते तीन टॅबमध्ये कायम उघडेच ठेवत असे. त्यांच्या जोडीला संदर्भाची पानं, अर्धवट वाचलेले लेख, विजेच्या बिलाचं पान. टॅब इतके दाटले की नावं दिसेनाशी झाली. एका रात्री अपडेटसाठी लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि सकाळी समोर एकच कोरं पान. तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि टी ही कळ माहीत असती तर बहुतेक टॅब परत आले असते. ती माहीत नव्हती, बुकमार्क एकही केलेला नव्हता, आणि अर्धा दिवस तीच पानं पुन्हा शोधण्यात गेला.

त्यानंतर मी क्रोम आणि फायरफॉक्स हे दोन्ही ब्राउझर शेजारीशेजारी वापरले. कोणता ठेवावा अशा विचारात तुम्ही असाल, तर मला काय दिसलं ते सांगते.

पानांत पुढेमागे फिरण्यापुरतं बघितलं तर दोघांत निवडण्यासारखं काही नाही. ऑल्ट आणि डावा बाण दाबला की मागचं पान, कंट्रोल आणि एल दाबलं की कर्सर पत्त्याच्या पट्टीत. मागे जायच्या बाणावर माऊस दाबून धरला की त्या टॅबमध्ये आधी पाहिलेल्या पानांची यादीच उघडते आणि दहा वेळा मागे-मागे करावं लागत नाही. पूर्वी बॅकस्पेस दाबूनही मागे जाता यायचं. पण फॉर्म भरताना चुकून ती दाबली गेली की भरलेलं सगळं जायचं, म्हणून क्रोमने 2016 मध्ये ती सोय काढली आणि फायरफॉक्सने 2021 मध्ये. दोघांनीही बरं केलं.

फरक लागतो तो इतिहासापासून. क्रोम तुम्ही पाहिलेल्या पानांची नोंद 90 दिवस दाखवतो. फायरफॉक्स दिवस मोजत नाही. संगणकाच्या ताकदीप्रमाणे ठरलेल्या मर्यादेपर्यंत पानं साठवत जातो, त्यामुळे वर्षापूर्वीचं पानही अनेकदा सापडतं. ‘गेल्या दिवाळीत पाहिलेली ती चकलीची कृती’ असं आठवणारी माणसं असतात, मीही त्यातलीच. आमच्यासाठी हा फरक मोठा आहे. पण इतिहासावर विसंबून राहू नये. कुणी एकदा सफाई केली की सगळं एका क्षणात जातं.

आता बुकमार्क. करण्याची रीत दोन्हीकडे एकच: कंट्रोल आणि डी, किंवा पत्त्याच्या पट्टीतली चांदणी. ठेवणं सोपं आहे, पुढे सापडणं अवघड, आणि माझ्या मते खरी निवड इथेच होते.

क्रोममध्ये फोल्डर आहेत आणि नाव किंवा पत्त्यावरून शोध आहे. फायरफॉक्समध्ये हे आहेच, शिवाय टॅग आहेत, म्हणजे जपलेल्या पानाला आपण जोडलेले शोधशब्द. मराठी वाचणाऱ्याला टॅगचा उपयोग किती होतो हे वापरल्यावरच कळतं. मराठी पानाचं शीर्षक देवनागरीत असतं आणि बुकमार्क त्याच नावाने साठतो. पण आपल्यापैकी कितीतरी जण संगणकावर रोमन कळफलकच वापरतात. ‘ज्वारी’ नावाचं पान जपलं आणि महिनाभराने रोमन अक्षरांत ज्वारी टाइप केलं, तर ते पान सापडेलच असं नाही. फायरफॉक्समध्ये मी पानाचं नाव जसंच्या तसं ठेवते आणि रोमन अक्षरांतला शब्द टॅग म्हणून देते. एका पानाला तीन-चार टॅग चालतात, त्यामुळे ‘हे शेतीत टाकू की स्वयंपाकात’ असा फोल्डरचा पेच पडत नाही. क्रोममध्ये तोच रोमन शब्द नावातच घुसवावा लागतो. काम होतं, पण यादी वाचायला ओबडधोबड दिसते.

शोधायची पद्धतही जराशी वेगळी आहे. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत आधी तारेचं चिन्ह (*), मग मोकळी जागा आणि मग शब्द लिहिला, की फक्त बुकमार्कमधला शोध मिळतो. क्रोममध्ये त्यासाठी ॲट चिन्हाला जोडून इंग्रजीत बुकमार्क्स लिहायचं आणि टॅबची कळ दाबायची. क्रोमची ही रीत नवख्याला लक्षात ठेवायला सोपी वाटते.

सुरक्षित प्रतीच्या बाबतीत मात्र फायरफॉक्स सरळ पुढे आहे. तो बुकमार्कच्या प्रती स्वतःहून काढून ठेवतो. काही गडबड झाली तर बुकमार्कच्या व्यवस्थापनात तारखांची यादी दिसते. हवी ती तारीख निवडायची आणि त्या दिवशी होतं तसं सगळं परत आणायचं. क्रोममध्ये अशी तारखांची यादी नाही. ‘माझं गूगल खात्यात आहे, मग काळजी कशाला’ असं अनेकांना वाटतं. पण खात्यातून होणारी जुळणी, म्हणजे सिंक, दोन्ही दिशांनी चालते. फोनवर फोल्डर पुसला गेला की तो लॅपटॉपवरूनही जातो. फायरफॉक्सच्या जुळणीचंही तेच आहे, म्हणून तिथेही ती प्रतीची जागा घेत नाही.

फोनवर पारडं क्रोमकडे झुकतं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो आधीच असतो, गूगल खातंही जोडलेलं असतं, आणि संगणकावर ठेवलेलं पान फोनवर आपोआप दिसतं. फायरफॉक्ससाठी वेगळं ॲप घ्यावं लागतं, वेगळं खातं उघडावं लागतं, आणि टॅगची सोय फोनवर मिळत नाही. एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी: त्याची जुळणी मुळातच अशी कुलूपबंद असते की फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलालाही तुमची यादी वाचता येत नाही. क्रोममध्ये तसं हवं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन वेगळा सांकेतिक वाक्यांश स्वतः ठरवावा लागतो.

नंतर वाचायच्या लेखांसाठी क्रोममध्ये वाचनयादी आहे. वाचलेलं आणि न वाचलेलं ती वेगळं दाखवते, आणि मला ती आवडते. फायरफॉक्समध्ये त्या जागी पॉकेट होतं. मोझिलाने 8 जुलै 2025 रोजी ते बंद केलं. गूगलनेही आपली वेगळी बुकमार्क सेवा सप्टेंबर 2021 मध्ये बंद केली होती. दुसऱ्याच्या सेवेत वर्षानुवर्षं जमवलेली यादी अशी अचानक उचलावी लागते. ब्राउझरमधले बुकमार्क त्या मानाने तुमच्या हातातले, कारण ते तुमच्या संगणकावर फाइल म्हणून असतात.

दोन्हीकडे सारखीच लागू पडणारी एक सूचना देते, कारण माझ्या घरातच ही चूक झाली आहे. बँकेत किंवा वीजबिलाच्या संकेतस्थळावर आत शिरल्यानंतरचं पान बुकमार्क करू नका. दुसऱ्या दिवशी तिथे ‘सत्र संपले’ एवढंच दिसेल. मुख्य पान ठेवा. सातबाऱ्याचंही तसंच. दर वेळी सर्च करून वरच्या जाहिरातीवर टिचकी मारण्यापेक्षा, पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे हे एकदा नीट तपासून ते पान जपून ठेवा आणि पुढे नेहमी तिथूनच जा. सारख्या दिसणाऱ्या खोट्या संकेतस्थळांपासून घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचवायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही. सुट्टीत गावी गेले की मी आधी हेच काम करते: आईच्या फोनवर चार पत्ते, मराठीत नावं देऊन.

आईसाठी मी क्रोमच ठेवला आहे. सगळं फोनवरच करणाऱ्याने, वीस-पंचवीस पानंच लागणाऱ्याने ब्राउझर बदलायची तसदी घेऊ नये. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, संशोधन, भाषांतर, पाककृतींचा साठा असं काही शेकड्यांनी जमवत असाल आणि संगणकावर बसून काम करत असाल, तर फायरफॉक्स घ्या. टॅग आणि तारीखवार प्रती या दोनच गोष्टींसाठी मी तो घेतला आणि अजून बदललेला नाही.

निवड चुकली तरी अडकून पडायला होत नाही. दोन्ही ब्राउझर आपले बुकमार्क एका साध्या एचटीएमएल फाइलमध्ये काढून देतात आणि एकमेकांची फाइल वाचतात. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. पहिल्याच ओळीत नेटस्केपचं नाव दिसेल, कारण ही मांडणी त्या जुन्या ब्राउझरची आहे आणि आजही तशीच चालते. एवढंच की फायरफॉक्समधून क्रोममध्ये जाताना टॅग मागे राहतात. मी दर तीन महिन्यांनी ही फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवते, दोन मिनिटांचं काम.