आठ महिने कार्डांवर: लघुप्रबंधाच्या आराखड्याचा अनुभव

जूनमध्ये एम.ए.चा लघुप्रबंध हाती घेतला आणि दांडिया बाजारातून तीन बाय पाच इंची कोऱ्या कार्डांचे पाच गठ्ठे आणले. विषय बडोदा संस्थानातली ग्रंथालय-चळवळ. मग ग्रंथालयातल्यासारखी कार्डंच हवीत, अशी हौस. आजोबा म्हणाले, "अगं, मोबाइलवर लिहायचं सोडून हे काय काढलंस?" आता ऐंशी पानं मार्गदर्शक मॅडमकडे गेलीत, म्हणून सांगते.

सुरुवातीला नुसता साठा झाला. एका कार्डावर एक मुद्दा, कोपऱ्यात पुस्तक आणि पान. त्यावरून केलेला पहिला आराखडा असा: सयाजीराव, बॉर्डन, फिरती ग्रंथालयं, समारोप. मॅडमनी पाहून एवढंच विचारलं, "यात तू म्हणतेस काय?" ती अनुक्रमणिका होती, आराखडा नव्हता. मग प्रत्येक मथळ्याचं पूर्ण वाक्य करायला घेतलं. 'बॉर्डन' या शब्दावर कुणी हुज्जत घालणार नाही. पण 'ग्रंथपाल विल्यम बॉर्डन १९१० साली अमेरिकेहून आले आणि त्यांनी ग्रंथालयांची व्यवस्था लावली. वाचक मात्र १९०६च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाने तयार होऊ लागले होते' असं लिहिलं की ते सिद्ध करावं लागतं. आणि सिद्ध करायला कार्डं आहेत का, हे लगेच दिसतं.

ते बघायला दिवाणखान्यातल्या फरशीवर सगळी मांडली. सयाजीरावांवर त्रेचाळीस! कवळाण्याचा मुलगा, १८७५चं दत्तकविधान, परदेशवाऱ्या, सगळं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवत त्यावर नऊ. आणि गावात त्या पेटीतलं पुस्तक घेत कोण होतं, हा तर माझा मूळ प्रश्न, त्यावर दोन. सोपं सापडेल ते मी टिपत गेले होते. स्क्रीनवर हे कळलं नसतं. फरशीवर एक ढीग गुडघ्याएवढा रुंद आणि शेजारी दोन चिटोरी, हे आईलासुद्धा दिसलं. तीसेक सयाजीराव बाजूला ठेवले. जिवावर आलं.

त्रासही आहे. कार्डांवर क्रमांक घातले नव्हते आणि कुणीतरी पंखा लावला. एक अख्खी संध्याकाळ गेली. ऑक्टोबरच्या उकाड्यात रबरबँड वितळून वरच्या कार्डाला चिकटले. आता सुतळी बांधते. शोधायची सोय शून्य. संदर्भांसाठी झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअरच बरं.

डिसेंबरात वाक्यं वर्डमध्ये उतरवली. मथळे मी हातानेच ठळक केले होते, म्हणून बाजूच्या नेव्हिगेशन पट्टीत एकही दिसेना. 'हेडिंग' स्टाइल लावल्यावर आले, आणि मग तिसरं प्रकरण ओढून दुसऱ्याच्या जागी ठेवलं तर आतला मजकूरही सोबत आला. आउटलाइन व्ह्यूत मथळ्याखालचा मजकूर मिटवून ऑल्ट-शिफ्ट धरून वर-खालीचा बाण दाबला तरी तेच होतं. पानं वाढू लागल्यावर मात्र कार्डांकडे परत जावंसं वाटलं नाही, हेही खरं.

घ्यायची असतील तर दोन गठ्ठे पुरे. माझे उरलेत. त्यातला एक आजोबांनी उचलला. एका कार्डावर एक गोळी, कोपऱ्यात वेळ.