जुन्या डिस्क बदलायच्या की पाचवी जोडायची?

घरच्या सर्व्हरवर ४ टीबीच्या चार डिस्क, झेडएफएस या फाइल-सिस्टिमचा रेडझेड-१, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो अशी रचना. वापरायला साधारण १२ टीबी, आणि ते भरले.

एकेक काढून ८ टीबीची बसवत गेलात तर चौथी बदलेपर्यंत जागा तसूभरही वाढत नाही. दर वेळी रीसिल्व्हर, म्हणजे नव्या डिस्कवर तिच्या वाट्याचा डेटा पुन्हा उभा करणं. तेवढे तास दुसरी डिस्क गेली तर सगळंच गेलं. (डिस्क जोडायचा साटा पोर्ट मोकळा असेल तर जुनी न काढता नवी जोडून बदला, धोका बराच घटतो.) शेवटी मात्र २४ टीबी.

पाचवी ४ टीबीची जोडणं खिशाला परवडतं, ओपनझेडएफएस (झेडएफएसची मुक्त-स्रोत आवृत्ती) २.३ पासून, म्हणजे जानेवारी २०२५ पासून ही सोय आहे. पण आधीचा डेटा जुन्याच पॅरिटी-प्रमाणात राहतो (पॅरिटी म्हणजे गेलेला डेटा परत उभा करायला ठेवलेली जादा माहिती). तो पुन्हा लिहिल्याशिवाय पूर्ण १६ टीबी हाती लागत नाहीत.

मी पाचवीच घेईन. डिस्क म्हाताऱ्या झाल्या असतील तर मात्र बदलाच, आधी बॅकअप घेऊन.