कॉफीच्या झाडांसाठी सरकणारी ५० टक्के शेडनेट, घ्यावी का?

आधी निकाल सांगते, घ्या. पण ५० टक्केवालीच (म्हणजे अर्धा उजेड अडवणारी) घ्या आणि तारेवर पुढेमागे सरकणारी घ्या, एकदा ताणून बांधली की विसरून जायची तसली नको. माझ्याकडे अरेबिका कॉफीची झाडं कुंड्यांमध्ये आहेत, त्यांच्यावर ही काळी नेट लावलीय आणि कडक ऊन, पाऊस, ढगाळ हवा सगळ्यात वापरून झालीय.

कॉफीला सावली लागते हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे, अरेबिका मुळात इथिओपियाच्या डोंगराळ जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारं झाड. पण सावली किती आणि दिवसाच्या कुठल्या वेळी हे कोणी सांगत नाही, आणि खरं तर नेटचा फायदा की तोटा हे त्यावरच ठरतं.

बघा, स्वच्छ उन्हात भर दुपारी साधारण २००० मायक्रोमोल उजेड पडतो (दर चौरस मीटरवर, दर सेकंदाला, झाडाच्या कामाचा उजेड ह्याच मापात मोजतात). कॉफीचं सावलीत वाढलेलं पान ३०० च्या आसपासच तृप्त होतं, उन्हात वाढलेलं फार तर ६०० वगैरे. त्याच्या वरचा उजेड अन्न तयार करायला वापरताच येत नाही, पानाला तो उष्णता म्हणून टाकून द्यावा लागतो, आणि रोज रोज हे झालं की उजेड पकडणारी यंत्रणाच दमते, पान पिवळं पडतं, मधेमधे करपल्यासारखे डाग येतात. म्हणजे दुपारी नेटने अर्धा उजेड अडवला तरी १००० उरतो, वरच्या पानांचं काहीही जात नाही.

आता दुसरी बाजू, आणि मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. कॉफीची पर्णरंध्रं (हवा आत-बाहेर जायची बारीक छिद्रं) फक्त पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि हवा जरा तापली, कोरडी झाली की ती पटकन मिटायला लागतात. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, मग वरून कितीही ऊन ओता, काम अडलेलंच. कॉफीच्या पानाचा कार्बन डायऑक्साइड घेण्याचा वेग एरवी ४ ते ११ मायक्रोमोल एवढाच असतो, पण प्रयोगशाळेत त्याच पानाला भरपूर कार्बन डायऑक्साइड दिला तर तो ३० च्या वर जातो! म्हणजे पानात ताकद आहे, अडचण हवा आत येण्याची आहे. म्हणून कॉफीचं खरं काम सकाळी होतं, हवा गार आणि दमट असते तेव्हा. पण सकाळी उजेडही कमीच असतो ना, ४०० असेल तर नेटखाली २०० राहतो आणि तेव्हा मात्र झाड खरंच उपाशी राहतं, आतली पानं तर आणखीनच.

म्हणूनच ही सरकणारी नेट मला इतकी आवडलीय. सकाळी उघडायची, ऊन चटके द्यायला लागलं की ओढायची, ढगाळ दिवस असेल तर दिवसभर उघडीच ठेवायची. फक्त नवीन लावताना एक जपा, सावलीत तयार झालेलं पान मोठं, पातळ आणि गडद हिरवं असतं, त्याला अचानक उन्हात काढलं तर ते भाजतं, जुनं पान पूर्णपणे उन्हातलं पान होत नाही, नवीन पालवी जाड आणि लहान येते ती ऊन सोसते. म्हणून सुरुवातीला सकाळचा थोडाच वेळ उघडा आणि हळूहळू वाढवा.

७५ टक्केवाली मोठ्या झाडांना अजिबात नको, पानं मस्त काळीशार दिसतात पण दाट सावलीत कळ्याच कमी धरतात. उलट टोक म्हणजे पूर्ण उन्हात झाड फळांनी लगडतं, पण खत-पाणी पुरलं नाही तर फळं सगळी ताकद ओढून घेतात आणि फांद्या शेंड्याकडून वाळत जातात. रंग काळाच बरा, हिरवी नेट हिरवा उजेड जास्त सोडते आणि तांबडा जास्त अडवते, पानाला तर तांबडा जास्त कामाचा.

तक्रारी आहेत. कडेची शिवण कच्ची आहे, वाऱ्याने धागे सुटायला लागलेत, कोपऱ्यातल्या रिंगा पण ढिल्या झाल्यात, मी दुहेरी दुमडून नायलॉनच्या दोऱ्याने परत शिवून घेतली. सोबत आलेली तार मधेच झोळ खाते, जाड तार वेगळी घ्या. आणि काळी असल्यामुळे नेट स्वतः तापते, शेंड्याला टेकेल इतकी खाली बांधली तर खाली गरम हवा कोंडते आणि मग रंध्रं मिटायची ती मिटतातच, त्यामुळे दोन-तीन फूट अंतर सोडाच आणि बाजू मोकळ्या ठेवा.

पाचपैकी चार, एक त्या शिवणीचा कापला.