भैरवीनंतरची शेवभाजी: आठ महिन्यांचा अनुभव

जानेवारीत जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला गेलो होतो. संभाजीराजे नाट्यगृहातून बाहेर पडलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. कानात भैरवी, पोटात कावळे, आणि थंडी अशी की हँडल धरवेना. त्या वेळी खायचं तर हायवेवरचे ढाबे, नाहीतर अंडाबुर्जीच्या गाड्या. बायकोने दोन्हींना नकार दिला. महाबळ भागातल्या एका आतल्या गल्लीत बल्ब जळताना दिसला म्हणून गाडी वळवली. सहा टेबलं, पाटीवरची अक्षरं उडालेली. तेव्हापासून तिथे निदान वीसदा तरी जेवलोय, त्यामुळे हे नुसतं त्या रात्रीच्या भुकेचं कौतुक नाही.

त्या रात्री मालक म्हणाले, "बसा भो, शेव टाकायचीच बाकी आहे." मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. मग काउंटरवरून दिसलं. भाजलेला कांदा-खोबरं, लसूण आणि काळ्या मसाल्याचा रस्सा बारीक आचेवर उकळत होता. आमची भाकरी तव्यावरून उतरली तेव्हाच त्यांनी वाटीभर जाड तिखट शेव त्यात सोडली आणि पातेलं लगेच खाली घेतलं. ताटात आली तेव्हा शेव वरून मऊ, आत अजून कुरकुरीत. शेवभाजीचं सगळं गणित या दोन मिनिटांत असतं. नावाजलेल्या हॉटेलांत शेव आधीच घालून ठेवतात, मग आपण पिठलं खातो की शेवभाजी, हेच कळत नाही.

सोबत कळण्याची भाकरी मागा. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं पीठ, त्यामुळे भाकरी काळपट दिसते. पुण्याच्या मेहुण्याला ती करपलेली वाटली होती. दुसरी त्याने स्वतःहून मागितली.

भरिताबद्दल मात्र नीट सांगतो. जानेवारी-फेब्रुवारीत ते बामणोदकडची हिरवी, लांबट वांगी आणतात आणि मागच्या अंगणात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भाजतात. (जळगावच्या भरिताच्या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते माहीत नसलं तरी घास अडत नाही.) हिरवी मिरची, लसूण, अख्खे शेंगदाणे, कांद्याची पात, आणि घासाघासाला धूर. एप्रिलमध्ये मी पुन्हा भरीत मागितलं तर मालकच म्हणाले, "आता नका घेऊ, वांग्यांनी बिया धरल्यात." तरी हट्टाने घेतलं. गॅसवर भाजलेलं, बियाळ, धुराचा पत्ता नाही. चूक माझीच.

तक्रारीही आहेत. मे महिन्यात तिथे बसवत नाही. बाहेर पारा 44 वर आणि आत एकच पंखा, तोही गल्ल्याकडे तोंड करून. हात धुवायचं बेसिन स्वयंपाकघराच्या दारातच, त्यामुळे वाढणाऱ्याला धक्का ठरलेला. खिचडी बेताची. एकदा नाट्यगृहात नाटक होतं, ते सुटून गर्दी लोटली आणि जाड शेव संपली, तर न सांगता फरसाणातली बारीक शेव घातली. पाच मिनिटांत त्याचा लगदा झाला. मी बोललो, तेव्हा त्यांनी त्या भाजीचे पैसे लावले नाहीत. पण आधी सांगायला हवं होतं.

दोघांचं जेवण तीनशेच्या आत होतं. तिखटाची सवय नसेल तर तर्री वेगळी मागा, देतात. कार्यक्रमाला जाणार असाल तर मध्यंतरात फोन करून ठेवा, नाहीतर साडेअकराला भाकऱ्या संपतात. आणि पार्सल शक्यतो नको. मी दोनदा नेलं आणि दोन्हीदा घरी पोहोचेपर्यंत शेव विरघळलेली. गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा नेलं. पिशवी उघडली तर रस्सा डब्यात आणि शेव वर्तमानपत्राच्या पुडीत वेगळी बांधलेली, वर पेनाने लिहिलेलं: "गरम करून मग टाका."