जीआरईच्या 'व्होकॅब कोर्स'मधून बाबांच्या नावावर चढलेलं कर्ज

परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठीची जीआरई परीक्षा देणाऱ्या, आणि विशेषतः सातारा-सांगलीकडून त्यासाठी पुण्यात येणाऱ्या मुलामुलींनी क्लासला पैसे देण्याआधी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी' नावाच्या कोर्सपायी माझ्या बाबांच्या नावावर ७२,००० रुपयांचं कर्ज चढलं. ते कर्ज आहे हे आम्हाला खात्यातून पहिला हप्ता कापला गेल्यावर कळलं. तोपर्यंत आम्ही त्याला फीचा हप्ता समजत होतो, कारण क्लासच्या लोकांनी तसंच सांगितलं होतं.

सुरुवात एका हॉटेलातल्या मोफत सेमिनारने झाली. पालकांना सोबत आणा, असा आग्रह होता. आधी 'डायग्नॉस्टिक टेस्ट' घेतली आणि तासाभरात निकाल हातात दिला. व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजी भाषेच्या विभागात, मला १३८. जीआरईत व्हर्बल आणि गणित या विभागांचे गुण प्रत्येकी १३० ते १७० असतात, म्हणजे मी जवळजवळ तळाशी. मग समुपदेशक म्हणवणारा मुलगा बाबांकडे वळला. "काका, मुलगी हुशार आहे, पण मराठी माध्यमातली मुलं शब्दांतच मार खातात. साडेतीन हजार शब्द पाठ झाले की १६०च्या पुढे गॅरंटी. नाही गेली तर पूर्ण पैसे परत." बाबांचा चेहरा मला अजून आठवतो. मी मराठी माध्यमात शिकले हे त्यांना तिथे पहिल्यांदाच ओझ्यासारखं वाटलं. याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

त्या चाचणीत निम्मे प्रश्न विरुद्धार्थी शब्दांचे आणि 'अमुकला तमुक तसं तमुकला काय' अशा जोड्यांचे होते. हे दोन्ही प्रकार जीआरईतून ऑगस्ट २०११मध्येच काढून टाकले आहेत. परीक्षा पावणेचार तासांची आणि निबंध दोन, असंही तिथे सांगितलं. ती जुनी गोष्ट झाली. सप्टेंबर २०२३पासून परीक्षा १ तास ५८ मिनिटांची आहे, निबंध एकच आहे आणि व्हर्बलचे एकूण प्रश्न २७ आहेत. बाद झालेल्या प्रश्नांवर कोणालाही नापास करता येतं. त्या दिवशी सभागृहातल्या मुलांना मुद्दाम घाबरवलं गेलं, असं माझं ठाम मत आहे.

हे उघड झालं ते परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या मोफत सराव परीक्षेमुळे. 'पॉवरप्रेप' नावाच्या दोन पूर्ण परीक्षा त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की फुकट मिळतात. क्लासमध्ये याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. खोलीवरच्या मैत्रिणीने सांगितलं म्हणून मी एक सोडवली आणि व्हर्बलमध्ये १५१ आले. तोवर क्लासच्या यादीतले शब्द मी नीट उघडलेसुद्धा नव्हते.

खऱ्या परीक्षेत शब्द एकटा कधी विचारत नाहीत. रिकाम्या जागा भरायच्या असतात, त्याही वाक्याचा कल ओळखून. दोन-तीन जागा असतील तर सगळ्या बरोबर आल्या तरच गुण, एखादी बरोबर आली म्हणून अर्धा गुण मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे, की दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा राहील. बाकी सगळे उताऱ्यांवरचे प्रश्न. शब्दसंग्रह लागतोच, पण तो वाचनातून, वाक्यासकट डोक्यात बसलेला लागतो. शब्द आणि समोर एकओळी अर्थ, अशी पीडीएफ घोकून ते जमत नाही. आणि आमच्या हातात दिलेली यादी तर इंटरनेटवर वर्षानुवर्षं फुकट फिरणारीच होती, फक्त वर क्लासचा शिक्का होता.

पुढे 'काल परीक्षेला आलेले शब्द' पुरवणाऱ्या टेलिग्राम ग्रुपसाठी आणखी ४,५०० रुपये मागितले. ते मी दिले नाहीत, कोणीही देऊ नयेत. परीक्षेतला मजकूर बाहेर सांगणार नाही असं प्रत्येक परीक्षार्थी आधी मान्य करतो, आणि गैरप्रकार आढळला तर ईटीएस गुण रद्द करू शकते. क्लासवाल्याचं काही जात नाही, प्रवेश तुमचा जातो.

आता कर्जाचं. 'नो-कॉस्ट ईएमआय आहे, फक्त ओटीपी सांगा' म्हणत त्यांनी बाबांच्या आधार-पॅनवर एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं. कंपनीने सगळी रक्कम क्लासला एकदम दिली. त्यामुळे मी क्लास सोडला काय किंवा क्लासने गाशा गुंडाळला काय, हप्ते बाबांनाच भरायचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सही घेण्याआधी कर्जाचं 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे व्याज, शुल्क आणि मुख्य अटी सांगणारं पत्रक, द्यावं लागतं, आणि डिजिटल कर्जात सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाशिवाय माघार घेण्याची मुभा असते. आम्हाला ते स्टेटमेंट दाखवलंच नाही, मग ती मुदत कळणार कुठून?

पैसे परत मागितल्यावर 'गॅरंटी'च्या अटी बाहेर आल्या. शंभर टक्के हजेरी, प्रत्येक शब्दचाचणीत नव्वद टक्के गुण, आणि परीक्षा क्लास सांगेल त्याच तारखेला. अशी गुणांची खोटी हमी देण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४च्या कोचिंग जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. हे वाक्य मी त्यांच्या व्यवस्थापकाला ईमेलमध्ये लिहिलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांचा सूर बदलला. 'ॲडजस्टमेंट' म्हणून दुसरा कोर्स देऊ केला. मी नाकारला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ला तक्रार केली. तिथून क्लासला कळवलं गेलं, उत्तर टोलवाटोलवीचं आलं. मग ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे बाबांना पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. फायनान्स कंपनीविरुद्ध वेगळी लेखी तक्रार केली आहे. महिनाभरात समाधान झालं नाही तर ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते. हप्ते मात्र सध्या भरतोय, कारण थकले तर बाबांचा सिबिल खराब होईल आणि पुढे माझं शैक्षणिक कर्जही अडेल.

अशाच सेमिनारमध्ये कोणी सही केली असेल तर आजच ईमेल करून कर्जाचा करार आणि की फॅक्ट स्टेटमेंट मागवा, क्लासच्या चॅटचे आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, ती डायग्नॉस्टिक प्रश्नपत्रिका फेकू नका. माझ्या तक्रारीत सगळ्यात भक्कम कागद तोच आहे. आणि एकाच क्लासने फसवलेले बरेच जण असाल, तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही दाखल करता येते.